मेमरी कार्ड लावून लॅपटॉप फास्ट होतो का? की रॅमच वाढवावी?



"सर, ३२ जीबीचं मेमरी कार्ड घरात पडून आहे. ते लॅपटॉपला लावलं की रॅम वाढते म्हणतात, खरं का?" हा प्रश्न मला सारखा येतो. प्रश्न रास्तच आहे. धंदा नवीन, भांडवल कमी, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना बिल उघडायला दोन मिनिटं लागली की जीव वरखाली होतो. फुकटात काम होत असेल तर कोणाला नको आहे?

पण सरळ सांगतो: कार्डाने रॅम वाढत नाही.

दुकानाच्या भाषेत समजून घेऊ. रॅम म्हणजे तुमचं काउंटर आणि हार्ड डिस्क म्हणजे मागचं गोडाऊन. टॅली, एक्सेल, व्हॉट्सअॅप वेब, ब्राउझर हे सगळं एकदम उघडलं की काउंटर भरतं. मग विंडोज थोडा माल गोडाऊनमध्ये ठेवतं, पुन्हा आणतं. या फेऱ्यांमुळे लॅपटॉप अडकतो.

मग कार्डाची गोष्ट आली कुठून? २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर 'रेडीबूस्ट' नावाची सोय आली. त्यात पेन ड्राइव्ह किंवा कार्डावर हार्ड डिस्कमधल्या नेहमी लागणाऱ्या गोष्टींची नक्कल ठेवली जाते. म्हणजे काउंटरशेजारी एक छोटा रॅक. माल लवकर सापडतो, पण काउंटर तेवढंच राहतं. तेव्हा ५१२ एमबी, १ जीबी रॅमची मशिन होती, म्हणून थोडा फरक जाणवायचा.

आज वेगाचं गणित बघा. साधं कार्ड वाचायला सेकंदाला जेमतेम शंभर एमबीच्या आत. डीडीआर४-२४०० रॅमची एक पट्टी सेकंदाला १९,२०० एमबीपर्यंत जाते. सायकल आणि रेल्वे! शिवाय लॅपटॉपमध्ये एसएसडी असेल तर विंडोज स्वतःच रेडीबूस्ट चालू करू देत नाही, कारण एसएसडी कार्डापेक्षा वेगवान असते. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत तर हा पर्याय काढूनच टाकलाय.

खर्च करण्याआधी ही तपासणी करा

रोजची सगळी सॉफ्टवेअर उघडा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये जा.

१. मेमरी सतत ८५-९० टक्क्यांवर असेल तर रॅम वाढवा. ४ जीबीवरून ८ जीबी केली की दुकानाच्या कामाला फरक लगेच कळतो.

२. मेमरी ५०-६० टक्के, पण डिस्क सतत १०० टक्के असेल, तर रॅम घेऊन पैसे वाया जातील. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. त्याआधी डेटाचा बॅकअप घ्या.

३. दोन्ही कमी आणि तरी मशिन हळू? मग लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणारी नको ती सॉफ्टवेअर बंद करा, अँटिव्हायरस चालवा. खर्च शून्य.

रॅम घेताना

त्याच स्क्रीनवर किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. डीडीआर३ आणि डीडीआर४ च्या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, त्यामुळे जुनी पट्टी दुकानदाराला दाखवूनच नवी घ्या. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. तिथे वाढवण्याची सोय आहे का ते आधी विचारा. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वर रॅम टाकूनही वापरली जात नाही, हेही तपासा. पक्कं बिल मागा. वॉरंटीसाठी ते लागतंच, आणि तुम्ही जीएसटीत नोंदणी केलेली असेल तर इनपुट क्रेडिटलाही उपयोगी पडतं.

मग त्या कार्डाचं काय करायचं?

रोज रात्री दुकान बंद करताना टॅलीचा बॅकअप त्यावर घ्या आणि कार्ड काढून घरी न्या. मात्र कार्डावर एकुलती एक कॉपी कधीच ठेवू नका. कार्डं सांगून बिघडत नाहीत. लॅपटॉप हळू असला तर गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबेल, पण उधारीची यादीच गेली तर वसुली कोणाकडे करणार?

आज दुकानात गेलात की आधी टास्क मॅनेजर उघडा, दोन्ही आकडे वहीत लिहा. मगच खिशात हात घाला.