लोणी, ताक आणि डेअरीचा रस्ता: धनगरवाडा अभ्यासताना

जनगणनेच्या गावयादीत धनगरवाडा शोधायला गेलात तर बहुधा सापडणार नाही. जनगणना मोजते महसुली गाव. वाडा असतो त्या गावाच्या वर, तास-दोन तासांच्या चढावर, पाच-दहा घरांचा. पण कागदावर तो खालच्या गावाचाच एक भाग. गावाची साक्षरता, गावातली नळजोडणी, गावातली जनावरं असे आकडे आपण काढतो तेव्हा वरची ती दहा घरं खालच्या दोनशे घरांच्या सरासरीत विरघळून जातात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशांवर मात्र सह्याद्रीच्या माथ्यावर ‘धनगरवाडा’ हे नाव जागोजागी दिसतं. सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींना म्हणून मी आधी विचारते, तुमचं अभ्यासाचं एकक कोणतं? गाव की वस्ती? याचं उत्तर देताना गडबड झाली की पुढचं सगळं सर्वेक्षण तिरकं जातं.

आता हे वाडे कुणाचे, ते बघू. धनगर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेंढरं येतात. पण धनगर ही एकच एक जात नाही, आपापसातच लग्नं करणारे बरेच गट त्या नावाखाली येतात. मेंढपाळ धनगर मुख्यतः पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातले. सह्याद्रीच्या माथ्यावर जिथे पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, तिथे मेंढी टिकत नाही. तिथे राहतात म्हशी पाळणारे गवळी धनगर, काही भागांत त्यांनाच डंगे धनगर म्हणतात. मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन दूरदूर फिरतात, हे लोक मात्र वर्षभर डोंगरातच. फिरणं असायचं ते जवळपास, चारा-पाणी बघून वाडा थोडा इकडे, थोडा तिकडे. जुन्या घराला कारवीचे कूड, वर गवताचं छप्पर आणि माणसं नि म्हशी एकाच छपराखाली. पावसाळ्यात तेच शहाणपणाचं, कारण बाहेर बांधलेलं जनावर चिखलात आणि बिबट्याच्या वाटेत.

यांच्यावर संशोधन करायचं तर एक निबंध टाळून पुढे जाता येत नाही: माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांचा १९८२ साली ‘ह्यूमन इकॉलॉजी’ या नियतकालिकात आलेला गवळी धनगरांवरचा लेख. त्यांचा मुद्दा असा. एकाच डोंगरात कुणबी आणि गवळी दोघं राहतात, पण एकाच्या ताटात दुसऱ्याचा हात नाही. कुणबी खाली खोऱ्यात भात पिकवतात, जनावरं थोडी ठेवतात आणि शिकार करतात. गवळी वरच्या उतारांवर म्हशी पाळतात, जोडीला नाचणी-वरीची थोडी फिरती शेती करतात, पण शिकारीच्या फारसे मागे लागत नाहीत. लोणी खाली देऊन धान्य वर आणायचं. ताक घरात राहायचं, आणि अंगाला लागणारं प्रथिन तिथूनच मिळायचं.

शेवटचं वाक्य परत वाचा. मी स्वतः ते पहिल्या वाचनात ‘हो, ठीक आहे’ म्हणून पुढे गेले होते. पण जरा हिशेब करून बघू. एका घरात चार-पाच म्हशी मिळून दिवसाला १० लिटर दूध निघतं असं धरू. (वरच्या गावठी म्हशी काही बादल्या भरून दूध देत नाहीत.) म्हशीच्या दुधात स्निग्धांश सुमारे ७ टक्के, म्हणजे ७०० ग्रॅम. त्याचं लोणी होईल साधारण ८०० ग्रॅम. प्रथिनं सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०० ग्रॅम, आणि ती जवळजवळ सगळी ताकात उतरतात, लोण्यात नाही. मोठ्या माणसाची रोजची प्रथिनांची गरज ५५ ग्रॅमच्या आसपास धरली, तर ते ताक सात माणसांना पुरतं. म्हणजे जे विकलं जात होतं त्यात पैसा होता आणि जे उरत होतं त्यात पोषण होतं. मराठीत एक म्हण आहेच, ताकाला जाऊन भांडं लपवणे. ताक ही मागून आणायची गोष्ट होती, त्याला बाजारभाव नव्हता, हे त्या म्हणीत गृहीतच धरलेलं आहे. अशा भाषेतल्या खुणा संशोधनात पुरावा म्हणून एकट्या पुरत नाहीत, पण मुलाखतीत काय विचारायचं ते सुचवतात.

हिशेब अजून संपलेला नाही. रोजचं १० लिटर दूध विकायचं तर आठवड्याला ७० किलोच्या आसपास वजन डोंगर उतरून न्यायला हवं, तेही रोज, नासायच्या आत. त्याच दुधाचं लोणी केलं तर आठवड्याचं वजन साडेपाच किलो. एक बाई बाजारच्या दिवशी एका खेपेत ते खाली घेऊन जाते आणि येताना धान्य, मीठ, तिखट आणते. लोणी ताकात बुडवून काही दिवस निघतं, कढवलं तर तूप महिनोन् महिने टिकतं. रस्ता नाही, गाडी नाही, चार महिने धुकं आणि जळवा, तरीही माथ्यावर दुग्धव्यवसाय करून राहता आलं ते यामुळे. दूध कोणत्या रूपात घराबाहेर पडतं यावर वस्ती कुठे असू शकते हे ठरतं. माझ्या प्रबंधाचा निम्मा भाग या एका वाक्याभोवती फिरतोय.

पण थांबा. गाडगीळ-मल्होत्रांची मांडणी फार सुबक आहे, आणि सुबक मांडणी दिसली की संशोधकाने जरा डोळे किलकिले करावेत. प्रत्येक जातीचा आपला एक कोनाडा, सगळं संतुलनात, असं चित्र काढलं की लोण्याचा भाव कोण ठरवत होतं, उधारी कुणाकडे होती, गवळ्याला खोऱ्यातली जमीन का मिळाली नाही, हे प्रश्न बाजूला पडतात. इतिहासकार सुमित गुहा यांनी १९९९ साली आलेल्या पश्चिम भारतावरच्या पुस्तकात अशा मांडणीवर आक्षेप घेतले आहेत: डोंगरातले समाज इतके स्थिर कधी नव्हतेच, ते राजकारणात, व्यापारात, लुटालुटीतही होते. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. आणखी एक सावधगिरी. सह्याद्रीत ठिकठिकाणी ‘गवळी राजा’च्या कथा ऐकायला मिळतात. गुंथर सोन्थायमर आणि रा. चिं. ढेरे यांनी पशुपालकांच्या देवतांवर जे काम केलं ते अशा कथा कशा वाचाव्यात यासाठी उत्तम आहे. पण कथेतल्या गवळी राजावरून आजच्या वाड्याची वंशावळ काढू नका. मोह होतो, खरंच होतो.

वाड्यांची घडी विस्कटली ती एकदम नाही. १८७८ च्या वन कायद्यानंतर डोंगर ‘राखीव’ होत गेले, फिरती शेती म्हणजे कुमरी गुन्हा ठरू लागली, चराईला पास आणि फी आली. स्वातंत्र्यानंतर धरणं आली. कोयनेचं मोठं, पुण्याकडे पानशेत, वरसगाव. धरणात बुडतं ते खोरं, मग माथ्यावरच्यांना काय झळ? झळ अशी की खोऱ्यातली शेती गेलेले कुणबी वर सरकले, उतार नांगराखाली आले, आणि धरणाच्या रस्त्यांनी आलेल्या कोळसेवाल्यांनी रान उतरवलं. म्हशींचा चारा दोन्ही बाजूंनी आटला. प्रकल्पग्रस्तांच्या यादीत मात्र नाव त्याचंच, ज्याची सातबारावरची जमीन पाण्याखाली गेली.

मग आली डेअरी. कोल्हापूर जिल्हा दूध संघ, म्हणजे ‘गोकुळ’, १९६३ चा. दुग्धविकासाचा ‘ऑपरेशन फ्लड’ कार्यक्रम १९७० पासून १९९६ पर्यंत चालला. खालच्या गावांसाठी याने काय केलं हे सांगायला नको. दहा दिवसांनी हातात बिल पडतं ही छोटी गोष्ट नाही. पण डेअरीला लागतं ताजं दूध, सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळी, संकलन केंद्रावर. न थंड केलेलं दूध काही तासच टिकतं. वाडा दोन तास वर असेल तर सकाळचं दूध कसंबसं पोचतं, संध्याकाळचं घरातच राहतं. फॅट चांगली लागते, पण लिटर कमी. म्हणजे डेअरीची यंत्रणा वाड्याला मुद्दाम वगळत नाही, तिचं घड्याळच वगळतं. ज्या वाड्यांना रस्ता मिळाला किंवा जे खाली सरकले ते दूधउत्पादक झाले, बाकीचे हळूहळू दूधधंद्यातून बाहेर.

खाली आलेल्या घरांत काय बदललं? लिटर आणि रुपये विचारले तर सगळं वाढलेलंच दिसेल. म्हणून प्रश्नावलीत दोन साधे प्रश्न घाला. घरात ताक रोज होतं का? आणि डेअरीचं खातं कुणाच्या नावावर आहे? घुसळणं, लोणी काढणं, बाजारात नेणं हे बाईच्या हातातलं काम होतं, त्यामुळे चार पैसेही तिच्या हातातून जायचे. दुधाचं बिल खात्यावर जमा होऊ लागलं की ते पैसे कुठून कुठे जातात, हे ‘कुटुंबाचं उत्पन्न’ या एका रकान्यात कधीच दिसणार नाही. पोषण मोजणाऱ्यांनी तर ताकाला स्वतंत्र रकाना द्यावा. आहाराच्या तयार प्रश्नावल्यांमध्ये ‘दूध व दुग्धजन्य पदार्थ’ असा एकच चौकोन असतो, त्यात चहातलं दूध आणि तांब्याभर ताक सारखंच.

फिल्डवर्क कधी करायचं, यावर रॉबर्ट चेंबर्स यांचं १९८३ चं ‘रूरल डेव्हलपमेंट: पुटिंग द लास्ट फर्स्ट’ जरूर वाचा. बाहेरचे अभ्यासक डांबरी रस्त्याकडेची गावं बघतात आणि कोरड्या ऋतूत बघतात, असं त्यांनी लिहिलंय. धनगरवाड्यांना हे तंतोतंत लागू आहे. मार्चमध्ये वर गेलात तर मोकळी हवा, सडा, गवे दिसतील, आणि वाटेल काय सुंदर आयुष्य! जुलैत जा. ओढ्याला पाणी आलं की शाळा आपोआप बंद. कुणी आजारी पडलं तर झोळी करून, खांद्यावर दांडा घेऊन माणसं डोंगर उतरतात. अशा बातम्या दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या वाड्यावरून येतातच. तरुण पोरं पुण्या-मुंबईला किंवा कोल्हापूरला कामाला, वर म्हातारी माणसं आणि मोजकी जनावरं. वाड्यावर मुलगी द्यायला लोक कचरतात. याला ‘स्थलांतर’ म्हणून मोकळं होता येत नाही, कारण घर बंद झालेलं नसतं. गणपतीला, जत्रेला, पेरणीला माणसं येतात, आणि वर राहिलेल्या आजी-आजोबांच्या म्हशींवर नातवाचा शहरातला महिना कधीमधी निघतो.

सगळ्यात नाजूक प्रश्न जमिनीचा. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या आत आणि कडेला वाडे आहेत. काहींना पुनर्वसन हवंय, शाळा-दवाखान्यासाठी मनापासून हवंय. काहींना नकोय. एकाच वाड्यात, एकाच घरातसुद्धा दोन्ही मतं असतात, तेव्हा ‘समाजाची भूमिका’ असं वाक्य लिहिताना हात आखडता घ्या. पण जायचं की राहायचं हे विचारण्याआधी हक्क कबूल व्हायला हवेत, आणि तिथे वाडा अडकतो. वनहक्क कायदा २००६ चा. महाराष्ट्रात धनगर अनुसूचित जमातीत नाहीत, भटक्या जमाती (क) मध्ये आहेत. त्यामुळे त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करावा लागतो, आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथलं वास्तव्य दाखवावं लागतं. म्हणजे पुरावा १९३० पर्यंत मागे जायला हवा. चारा बघून जागा बदलणारा, गावयादीत नाव नसलेला वाडा १९३० चा कागद आणणार कुठून?

कायद्याच्या नियमांत मात्र वाट आहे. किमान दोन पुरावे लागतात, आणि ते सातबाराच असले पाहिजेत असं नाही. जुनी गॅझेटियर, वनखात्याचे अहवाल, दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुन्या घरांच्या खुणा, पारंपरिक चराईची रानं, देवाची ठिकाणं, दफनभूमी हे सगळं चालतं. नामवंत संस्थांनी केलेले अभ्यासही त्या यादीत आहेत. चराईचा हक्क कायद्यात सामुदायिक हक्क म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे, फिरत्या पशुपालकांसाठीसुद्धा.

म्हणून वाड्यावर जाल तेव्हा वहीत या गोष्टींना जागा ठेवा: सोडून दिलेल्या जुन्या वाड्यांची जोती कुठे आहेत, तिथून आताच्या जागी कधी आणि का आले, उन्हाळ्यातलं पाणी कुठलं, म्हशी कुठल्या महिन्यात कुठल्या रानात जात, चराईच्या पावत्या कुणाच्या पेटीत आहेत. जीपीएस बिंदू घ्या, तारीख टाका, सांगणाऱ्याची परवानगी घ्या. आणि नोंदीची एक प्रत वाड्यावर देऊन या, मराठीत. वाड्याचं नाव प्रबंधात झाकायचं की उघड ठेवायचं हे मात्र त्यांना विचारून ठरवा. नैतिकता समितीचा अर्ज भरताना आपण सरसकट ‘ओळख गुप्त ठेवू’ असं लिहून टाकतो. पण दाव्याला जोडायचा असेल तर नाव नसलेल्या वाड्याचा अभ्यास त्यांच्या काहीच उपयोगाचा नाही.