गाणी आपली, खुणा कुणाच्या?

डीजेची लायब्ररी म्हणजे नुसती गाण्यांची फोल्डर्स नव्हेत. गाणी पुन्हा मिळवता येतात. पण ढोलकी कुठे उचल घेते, कडवं कुठे कापायचं, पुढचं गाणं कुठल्या ठेक्यावर सोडायचं, हे रात्री जागून लावलेल्या क्यू पॉइंट आणि बीटग्रिडमध्ये असतं. गेल्या पंचवीस वर्षांचा मागोवा घेतला की एकच प्रश्न वारंवार समोर येतो: सॉफ्टवेअर बदललं की ही मेहनत सोबत येते का?

२००१ साली पायोनियरचा सीडीजे-१००० आला. त्यात क्यू पॉइंट मेमरी कार्डावर साठवायची सोय होती. गाणं सीडीत आणि खुणा कार्डात, अशी फारकत तेव्हापासूनच सुरू झाली. मग लॅपटॉप आले आणि ट्रॅक्टर, व्हर्च्युअल डीजे, सेराटो यांची घराणी तयार झाली. ट्रॅक्टरने सगळ्या खुणा एका वेगळ्या कलेक्शन फाइलमध्ये ठेवल्या, व्हर्च्युअल डीजेने आपल्या डेटाबेसमध्ये. २००४च्या सेराटो स्क्रॅच लाइव्हची रीत निराळी होती. क्यू पॉइंट थेट गाण्याच्या फाइलमधल्या टॅगमध्ये लिहिले जायचे, त्यामुळे गाणं कॉपी केलं की खुणाही सोबत जायच्या. मात्र हे टॅग सेराटोच्या स्वतःच्या लिपीत होते आणि इतर सॉफ्टवेअरना ते वाचता येत नव्हते.

खरी धावपळ सुरू झाली २००९ नंतर. पायोनियरने सीडीजे-२००० आणि रेकॉर्डबॉक्स आणलं. घरी तयारी करायची आणि क्लबमध्ये फक्त पेनड्राइव्ह घेऊन जायचं, ही पद्धत जगभर रूढ झाली. ट्रॅक्टर किंवा सेराटोवर वाढलेल्या डीजेला आता लायब्ररी रेकॉर्डबॉक्समध्ये न्यावीच लागली. त्यातून रेकॉर्ड बडी, डीजे कन्व्हर्जन युटिलिटी आणि पुढे लेक्सिकॉन यांसारखी खास बदलीची साधनं उभी राहिली.

या बदलीत काय काय सांडतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. अनेक एमपी३ फाइलींच्या सुरुवातीला फक्त माहितीची एक चौकट असते. एखादं सॉफ्टवेअर ती वगळून गाणं मोजतं, तर दुसरं ती शांततेचा तुकडा म्हणून धरतं. एका चौकटीत ११५२ नमुने असतात. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने हा फरक २६ मिलिसेकंदांचा होतो. पडद्यावर तो दिसतही नाही, पण दोन गाणी एकत्र वाजली की ठेका दुहेरी ऐकू येतो. चांगलं कन्व्हर्जन साधन आधी फाइल तपासतं आणि मगच क्यू सरकवतं.

दुसरी अडचण पत्त्याची. डेटाबेसमध्ये गाणं नसतं, गाण्याचा पूर्ण पत्ता असतो. हार्ड डिस्क बदलली, विंडोजवरून मॅकवर गेलो, की तो पत्ता चुकतो आणि अख्खी लायब्ररी 'मिसिंग' दाखवते. रेकॉर्डबॉक्सच्या एक्सएमएल फाइलमध्ये तर पत्ता सांकेतिक रूपात लिहिला जातो. देवनागरीतल्या एका 'ल'च्या जागी टक्केचिन्हांसह नऊ चिन्हांची रांग उभी राहते. बदलीच्या साधनाने ती नीट उलगडली नाही, तर मराठी नावाची गाणीच नेमकी मागे राहतात.

तिसरी गोष्ट आपल्या संगीताच्या फार जवळची आहे. जुनी लावणी, कोळीगीतं, सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी माणसांनी एकत्र बसून वाजवली आहेत. त्यांची लय श्वासासारखी मागेपुढे होते. त्यामुळे बीटग्रिडची एकच सरळ रेघ पुरत नाही, जागोजागी खुंट्या ठोकाव्या लागतात. सेराटोत असं लवचिक ग्रिड करता यायचं. ट्रॅक्टरमध्ये ती सोय २०२४च्या चौथ्या आवृत्तीत आली. तोवर असं गाणं तिकडे नेलं की हाताने केलेलं सगळं काम सपाट व्हायचं. चार-चारच्या इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर जगणाऱ्यांना हे नुकसान जाणवलंही नसेल. वरातीत जुनी गाणी वाजवणाऱ्याला मात्र ते पहिल्याच कडव्यात कळतं.

मधल्या काळात बाहेरूनही धक्के बसले. २०१९ साली ॲपलने मॅकओएस कॅटालिनात आयट्यून्स बंद केलं. त्याची एक्सएमएल फाइल वाचून प्लेलिस्ट उचलणारी डीजे सॉफ्टवेअर अडकली. २०२०च्या रेकॉर्डबॉक्स ६ने आपला मुख्य डेटाबेस कुलूपबंद केला. बाहेर पडायला एक्सएमएलची खिडकी तेवढी उघडी राहिली. पायोनियर डीजेची मालक कंपनी अल्फाथीटा सेराटो विकत घ्यायला निघाली होती. जुलै २०२४मध्ये न्यूझीलंडच्या कॉमर्स कमिशनने स्पर्धेला बाधा येईल म्हणून त्याला मंजुरी नाकारली. मला तो निर्णय योग्य वाटतो. दोन घरांमधली भिंत पाडायला दोन्ही घरं एकाच मालकाच्या हाती जायची गरज नसते.

या काळाने काही सवयी मात्र पक्क्या शिकवल्या. गाण्यांचं मूळ फोल्डर एकाच जागी ठेवावं. ठेका, सूर आणि आपली टिपणं फाइलच्या टॅगमध्येच लिहावीत. एक्सएमएलची ताजी प्रत वेगळ्या डिस्कवर असावी. लायब्ररी हलवायची असेल, तर आधी मोजक्या गाण्यांवर तपासणी करावी, आणि त्यात एक जुनं, हाताने वाजवलेलं गाणं नक्की घ्यावं.

पण एकेकट्याच्या सवयींनी हे भागणार नाही. कुठल्याही यंत्रावर गाण्याचं आणि गायकाचं नाव बरोबर उमटतं, कारण आयडी३ टॅगची रीत सर्वांनी मान्य केली. क्यू पॉइंट आणि बीटग्रिडसाठीही तशीच खुली, सर्वांना वाचता येणारी रीत हवी. ज्याने कान देऊन ती खूण लावली, त्याच्याकडेच ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये राहिली पाहिजे, आणि ही मागणी आपण डीजेंनीच लावून धरायला हवी.