अलेक्झांडर, दुसरा
अलेक्झांडर, दुसरा : (२९ एप्रिल १८१८ – १३ मार्च १८८१). रशियाचा रोमानॉव्ह घराण्यातील झार (कार. १८५५–८१). भूदासांच्या मुक्तीमुळे तो ‘मुक्तिदाता झार’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या कारकीर्दीत रशियन समाजाची पायाभूत पुनर्रचना झाली. तथापि झारच्या अनियंत्रित सत्तेला धक्का लागू न देता ती घडवून आणण्याचा प्रयत्न झाल्यामुळे ती अपुरी राहिली. (प्रस्तुत नोंदीतील तारखा नव्या पंचांगानुसार आहेत.)

पूर्वायुष्य : अलेक्झांडरचा जन्म मॉस्को येथे झाला. पहिला निकोलस हा त्याचा पिता. प्रसिद्ध कवी व्हसीली झुकॉव्हस्की याच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. १८३७ मध्ये त्याने साम्राज्याचा विस्तृत दौरा केला. सायबीरियास भेट देणारा तो पहिला रोमानॉव्ह युवराज होय. १८४१ मध्ये हेस–डार्मस्टाट घराण्यातील राजकन्या मारिया हिच्याशी त्याचा विवाह झाला. क्रिमियाचे युद्ध चालू असतानाच निकोलस मृत्यू पावला व २ मार्च १८५५ रोजी अलेक्झांडर गादीवर आला. त्याच वर्षी सेव्हॅस्तपोल शत्रूच्या हाती पडले. १८५६ च्या पॅरिसच्या तहाने रशियाला काळ्या समुद्रात आरमार ठेवण्याचा हक्क गमवावा लागला. लोहमार्गांचा अभाव, जुनी शस्त्रास्त्रे आणि भूदासांतून सक्तीने भरलेले सैन्य यांमुळे हा पराभव झाला, हे राज्यकर्त्यांच्या लक्षात आले. सुधारणांची निकड त्यातून निर्माण झाली.

भूदासमुक्ती : त्या काळी जमीनदारांच्या मालकीचे सु. २ कोटी ३० लाख भूदास रशियात होते. जमीनदार त्यांच्याकडून वेठ किंवा खंड घेई. त्यांना विकण्याचा, शिक्षा करण्याचा व सैन्यात धाडण्याचा अधिकारही त्याला असे. ही पद्धती खालून उखडली जाण्याची वाट पाहण्यापेक्षा वरूनच नष्ट करणे श्रेयस्कर, असे अलेक्झांडरने १८५६ मध्ये मॉस्कोच्या उमरावांना बजावले. बहुसंख्य उमरावांचा विरोध असताही राजबंधू कॉन्स्टंटीन, नि. मिल्यूतिन इत्यादींच्या साहाय्याने मसुदा तयार झाला आणि ३ मार्च १८६१ रोजी झारने मुक्तीच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी केली.

या कायद्याने भूदासास व्यक्तिस्वातंत्र्य मिळाले. मालकाच्या संमतीविना विवाह करणे, मालमत्ता धारण करणे, व्यापार करणे व न्यायालयात दाद मागणे हे हक्क त्याला प्राप्त झाले. जमिनीचा प्रश्न मात्र बिकट ठरला. शेतकऱ्यांना जमिनीसह मुक्त करावयाचे, पण जमीनदारांनाही भरपाई द्यावयाची, असा मार्ग सरकारने स्वीकारला. भरपाईचा सु. ८० टक्के भाग सरकारने रोख्यांच्या रूपाने जमीनदारांना दिला आणि तो शेतकऱ्यांनी ४९ वार्षिक हप्त्यांत फेडावा, असे ठरले. हप्ता दरसाल सहा टक्के असल्याने १०० रूबलच्या कर्जापोटी अखेरीस २९४ रूबल भरावे लागणार होते. शिवाय जमिनीची किंमत बाजारभावावरून न ठरविता शेतकरी पूर्वी देत असलेल्या खंडावरून ठरविण्यात आली. परिणामी नापीक प्रांतांत ती वास्तव मूल्यापेक्षा बरीच अधिक झाली. म्हणजे जमिनीच्या नावाखाली शेतकऱ्याला आपल्या देहाचीही किंमत मोजावी लागली. सुपीक काळ्या मातीच्या प्रदेशात शेतकरी पूर्वी कसत असलेल्या जमिनीचा काही भाग कापून जमीनदारास देण्यात आला. घरगुती कामे करणाऱ्या भूदासांना तर जमीन मिळालीच नाही.

जमीन सामान्यतः व्यक्तीस न देता ग्रामसमुदायाच्या (मीर) स्वाधीन करण्यात आली. हप्ते व कर यांची जबाबदारी सामूहिक असल्यामुळे समुदायाच्या अनुमतीवाचून शेतकऱ्यास गाव सोडता येत नसे. खरी मुक्ती जमीनदारांनी दडवून ठेवली आहे, अशी अनेकांची समजूत झाली. १८६१ च्या एप्रिलमध्ये कझॅन प्रांतातील बेझ्द्ना या गावी जमलेल्या शेतकऱ्यांवर सैन्याने गोळीबार केला. त्यात अनेक जण ठार झाले. हप्त्यांचे ओझे १९०५ च्या क्रांतीनंतर, १९०७ मध्येच संपुष्टात आले.

अन्य सुधारणा : जमीनदारांची सत्ता गेल्यामुळे स्थानिक कारभाराची नवी व्यवस्था आवश्यक झाली. १८६४ च्या कायद्याने ‘झेम्स्त्व्हो’ या निर्वाचित जिल्हा व प्रांतिक संस्था स्थापन झाल्या. त्यांत उमरावांचे प्राबल्य असले, तरी शेतकऱ्यांनाही प्रतिनिधित्व होते. यूरोपीय रशियातील ३४ प्रांतांत पसरलेल्या या संस्थांनी शाळा, रुग्णालये, रस्ते यांबाबत भरीव कार्य केले. त्याच वर्षी न्यायपद्धती बदलण्यात आली : खुली सुनावणी, पंचांची (ज्यूरी) पद्धती, स्वतंत्र वकीलवर्ग आणि सहजासहजी पदच्युत न करता येणारे न्यायाधीश ही तिची वैशिष्ट्ये होत. १८७० मध्ये शहरांना निर्वाचित नगरमंडळे मिळाली. युद्धमंत्री द. मिल्यूतिन याने १८७४ मध्ये सर्व वर्गांतील पुरुषांना लष्करी सेवा लागू केली. पूर्वीच्या २५ वर्षांच्या सेवेऐवजी सहा वर्षे प्रत्यक्ष व नऊ वर्षे राखीव सेवा ठरली. सुशिक्षितांना तीत सवलत मिळे. लोहमार्ग १८६० मध्ये सु. १,६०० किमी. होते, १८८० पर्यंत ते २२,००० किमी.हून अधिक झाले.

साम्राज्यविस्तार : १८६३ चा पोलंडमधील उठाव कठोरपणे मोडण्यात आला. १८७६ मध्ये युक्रेनियन भाषेतील मुद्रणावर कडक निर्बंध घातले गेले. कॉकेशसमधील युद्ध १८६४ मध्ये संपले. लाखो सर्केशियनांना मायभूमी सोडून ऑटोमन साम्राज्यात जावे लागले. याउलट फिनलंडमध्ये १८६३ पासून विधिमंडळ पुन्हा भरू लागले. चीनकडून अमूर व उसुरी नद्यांलगतचा प्रदेश मिळाला (१८५८–६०), तर अलास्का १८६७ मध्ये ७२ लाख डॉलरना अमेरिकेस विकण्यात आला. मध्य आशियात ताश्कंद (१८६५), समरकंद (१८६८), खीवा (१८७३) व कोकंद (१८७६) यांवर रशियाचे वर्चस्व प्रस्थापित झाले. या आगेकूचीने भारतातील ब्रिटिश शासन धास्तावले. १८७८ मध्ये रशियन शिष्टमंडळ काबूलला पोहोचले, तेव्हा दुसरे अफगाण युद्ध उद्‌भवले. रशिया–तुर्कस्तान युद्धामुळे (१८७७–७८) बल्गेरियाच्या स्वातंत्र्याचा मार्ग मोकळा झाला.

क्रांतिकारक चळवळ व हत्या : सुधारणांनी सुशिक्षित वर्गाच्या आकांक्षा वाढविल्या, पण राष्ट्रीय संसद किंवा संविधान देण्यास झार तयार नव्हता. १८६६ मध्ये त्याच्यावर पहिला प्राणघातक हल्ला झाला आणि शासनाचे धोरण प्रतिगामी बनले. १८७४ मध्ये शेकडो तरुण खेड्यांत प्रचारासाठी गेले. त्यांच्यापैकी अनेकांना अटक झाली. १८७८ मध्ये सेंट पीटर्झबर्गच्या राज्यपालावर गोळी झाडणाऱ्या व्हेरा झसूलिच हिला पंचांनी निर्दोष ठरविले. तेव्हा शासनाने राजकीय खटले लष्करी न्यायालयांकडे वळविले. आपण निर्मिलेल्या न्यायसंस्थेचा निवाडा राजसत्तेलाच मानवेना, हे यावरून स्पष्ट होते. १८७९ मध्ये स्थापन झालेल्या ‘नारोद्‌नया व्होल्या’ (लोकेच्छा) या गुप्त संघटनेने झारच्या वधाचा निर्धार केला. १८८० मध्ये हिवाळी राजवाड्यात स्फोट झाला. त्यातून तो बचावला.

यानंतर लोऱ्यिस-म्येलिकव्ह याच्याकडे व्यापक अधिकार सोपविण्यात आले. त्याने दडपशाहीबरोबरच सवलतींचेही धोरण अवलंबिले आणि कायद्यांच्या मसुद्यांवर विचार करण्यासाठी निर्वाचित प्रतिनिधींना सल्लागार म्हणून बोलवावे, अशी योजना मांडली. १३ मार्च १८८१ रोजी सकाळी अलेक्झांडरने तीस संमती दिली. त्याच दिवशी सेंट पीटर्झबर्ग येथे कालव्याकाठी त्याच्या गाडीवर बाँब पडला. तो सुखरूप खाली उतरला व जखमींची विचारपूस करू लागला. तोच दुसऱ्या बाँबने तो घायाळ झाला आणि काही वेळातच मरण पावला. या कटाबद्दल पाच जणांना फाशी देण्यात आले.

मूल्यमापन : मुलगा तिसरा अलेक्झांडर याने ही योजना बाजूस सारून अनियंत्रित राजसत्ता अबाधित ठेवण्याचा निर्धार जाहीर केला. झेम्स्त्व्होंचे अधिकार १८९० मध्ये घटविण्यात आले. रशियाला निर्वाचित विधिमंडळ (दूमा) लाभले ते १९०६ मध्ये, क्रांतीच्या दडपणाखाली. आजोबांचा मृत्यू बालपणी पाहणाऱ्या दुसऱ्या निकोलसने तेही मनापासून स्वीकारले नाही आणि १९१७ मध्ये झारशाही संपुष्टात आली. सोफिया व हेल्सिंकी येथे अलेक्झांडरचे पुतळे कृतज्ञतेने उभारले गेले. पोलिश व सर्केशियन लोकांच्या स्मृतीत मात्र त्याची कारकीर्द दमनाची ठरली. त्याने कोट्यवधी लोकांना मालकाच्या सत्तेतून सोडविले. पण त्यांना जमिनीचा निर्वेध मालक व राज्याचा सहभागी नागरिक केले नाही. हे दोन अनिर्णित प्रश्नच पुढे रशियन राज्यक्रांतीच्या मुळाशी राहिले.