वाळवी आतून खवटते तेव्हा

माळ्यावरची ट्रंक उतरवली तेव्हा वडिलांनी जपलेल्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे तेवढी शाबूत होती. आत सगळी माती. दुसऱ्याच दिवशी फवारणीवाला आला. त्याने भिंतीच्या कडेकडेने फरशीला भोके पाडली, एक लिटर क्लोरपायरिफॉस एकोणीस लिटर पाण्यात ओतले, ते दुधासारखे पांढरे झाले आणि तो उघड्या हातांनी काठीने ढवळू लागला. ‘हे नेमके करते काय हो?’ मी विचारले. ‘मरते साहेब वाळवी. आणखी काय करणार?’

मरते खरी, पण कशी? पुस्तकी उत्तर मज्जातंतूंचे आहे. एका तंतूचा निरोप दुसऱ्याला पोचला की तो पुसून टाकणारे एक विकर असते. क्लोरपायरिफॉस त्यालाच जखडून टाकते. निरोप थांबतच नाही. किडा थरथरतो, लुळा पडतो. फिप्रोनिल हे दुसरे औषध तंतूंचा ब्रेकच काढून घेते. हे सारे बरोबर आहे, पण एवढ्यावर संपत नाही. उरलेला भाग समजायला स्वयंपाकघरात जावे लागेल.

बरणीतले खोबरे खवट होते ते हवेतल्या प्राणवायूने त्यातल्या तेलावर हल्ला केल्यामुळे. आता प्रत्येक पेशीभोवतीचे आवरणही स्निग्ध पदार्थांचेच असते. पेशीतल्या चुलीत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, ऊर्जा तयार होताना थोड्या ठिणग्या उडतातच: सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड. त्या विझवायला शरीराने पहारेकरी नेमलेले असतात. त्यांतल्या एकाला आपण पाहिलेले आहे. गुडघा फुटल्यावर कंपाउंडर जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचा आणि पांढरा फेस यायचा, आठवते? ती आपल्याच रक्तातल्या कॅटलेजची करामत. वाळवीतही कॅटलेज असते.

विष अंगात शिरले की ठिणग्या वाढतात. सैरभैर झालेले शरीर चूल जोरात पेटवते. शिवाय विष मोडून काढण्याच्या खटपटीतही नव्या ठिणग्या उडतात. पहारेकरी आधी जोर धरतात, मग थकतात. पेशींची आवरणे अक्षरशः खवटू लागतात. प्रयोगशाळेत हा खवटपणा मॅलॉनडायअल्डिहाइड नावाच्या अवशेषावरून मोजतात. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणायचे. मात्रा जीवघेणी नसली तरी हा ताण येतो. ही गोष्ट वाळवीच्या बाबतीत फार महत्त्वाची, कारण ती एकटी राहत नाही. फिप्रोनिलसारखे सावकाश भिनणारे औषध लागलेली कामकरी वाळवी चालत घरी जाते. तिथे एकमेकींना चाटणे, तोंडातून घास भरवणे अखंड चालू असते.

राणी मात्र खोल आत बसलेली. तिचे आयुष्य वर्षानुवर्षांचे. जपानी संशोधकांनी 2017 साली दाखवून दिले, की एका जातीच्या राणीत कामकरी वाळवीपेक्षा कॅटलेज जास्त असते आणि खवटपणाच्या खुणा कमी. आपण झाडूने लोटतो ती बिचारी रोजंदारीवरची माणसे!

माणसांचेच म्हणायचे तर ही चूल, हे आवरण, हे पहारेकरी आपल्यातही तेच आहेत. वाळवी नि माणूस यांत विषाला फरक दिसतो तो मुख्यतः मात्रेचा. 2017 सालीच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, कित्येक दगावले. क्लोरपायरिफॉसचा घरातला बहुतेक वापर अमेरिकेने 2000 साली थांबवायला घेतला. 2025 साली स्टॉकहोम कराराच्या यादीत ते काही सवलती ठेवून आले. आपल्याकडे ते वाळवीसाठी सर्रास वापरले जात आले आहे.

संध्याकाळी काम आटोपल्यावर मी फवारणीवाल्यासाठी रबरी हातमोजे आणले. ‘नऊ वर्षे झाली साहेब, काही होत नाही,’ म्हणत त्याने ते खिशात घातले. मग नळाखाली हात धुतले, दोनदा वास घेऊन पाहिला आणि पुन्हा साबण मागितला.