पदवी घरबसल्या, कष्ट मात्र तेच

बेळगावहून पुण्याच्या वाटेवर लागणारे काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे जन्मगाव. त्यांच्या नावाचे विद्यापीठ २०१० मध्ये स्थापन झाले आणि काकतीच्या पुढे, त्याच महामार्गावर, भूतरामनहट्टी येथे त्याचे कामकाज सुरू झाले. परंतु विद्यापीठ दाराशी आले म्हणून त्याचे दार सर्वांसाठी उघडते असे नाही. पाळीवर जाणारा कामगार किंवा संसारामुळे शिक्षण सुटलेली गृहिणी यांना रोज वर्गात बसणे अशक्यच. अशांना ऑनलाइन अभ्यासक्रम हा खरा आधार ठरावा. तो तसा ठरत नाही, याचे एक मोठे कारण त्याविषयीचे गैरसमज.

पहिला गैरसमज असा की, ही पदवी दुय्यम. वास्तविक विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन व दूरस्थ पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली आहे आणि २०२२ मध्ये आयोगाने त्याचा स्पष्ट पुनरुच्चारही केला. दुसरा गैरसमज याच्या नेमका उलट: पैसे भरले की पदवी हाती. परीक्षा येथेही पर्यवेक्षणाखालीच होते. स्वाध्याय चुकत नाहीत. उलट, घंटा वाजवणारा शिपाई नसल्याने शिस्त स्वतःच स्वतःला लावावी लागते.

तिसरा समज अधिक घातक. जे जे जाहिरातीत दिसते ते सर्व मान्य, असे मानले जाते. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, विधी यांच्या पदव्या ऑनलाइन मिळूच शकत नाहीत. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या २०१७ पासूनच्या उपक्रमातील प्रमाणपत्र ही पदवी नव्हे. आपल्या महाविद्यालयाच्या संमतीने त्याचे श्रेयांक पदवीत धरले जातात, इतकेच.

सीमाभागाला चौथी गोष्ट ठाऊक हवी. राज्याच्या मुक्त विद्यापीठाला दूरस्थ शिक्षण आपल्या राज्यापुरतेच देता येते. म्हणून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र काकतीत निघू शकत नाही. रीतसर मान्यता मिळालेल्या ऑनलाइन कार्यक्रमाला मात्र अशी प्रादेशिक सीमा नाही. ज्या रेषेने भाषेची कोंडी केली, ती येथे आडवी येत नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

मान्यतेची चौकशी का करावी, याचा धडा कर्नाटकानेच दिला आहे. म्हैसूरच्या राज्य मुक्त विद्यापीठाची मान्यता २०१२-१३ नंतर राहिली नसल्याचे आयोगाने २०१५ मध्ये जाहीर केले. ती परत मिळायला २०१८ उजाडले. मधल्या काळात हजारो विद्यार्थी टांगणीला लागले. विद्यापीठ सरकारी होते, तरी हे घडले.

आमच्या मते या गैरसमजांचे मूळ एकच आहे. ‘ही पदवी खोटीच’ असे समाज म्हणतो, म्हणून खरे-खोटे पारखण्याची तसदी कोणी घेत नाही. आणि जेथे पारख नाही तेथे दलालाचे फावते. फ्रँचायझी पद्धतीने असे अभ्यासक्रम चालविण्यास विनियमांची सक्त मनाई असूनही ‘हमखास पदवी’चे फलक लागतात, ते याच उदासीनतेच्या जोरावर.

चोर्ला घाटाच्या अलीकडे, आपल्या गोव्या-कोकणात, स्थिती निराळी नाही. प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत संस्था, अभ्यासक्रम आणि सत्र ही तिन्ही तपासून घ्यावीत. पालकांनीही शिकणाऱ्याला हिणवू नये. दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्याची पदवी हलकी असूच शकत नाही. ती खरी आहे एवढे मात्र पाहिलेच पाहिजे.