एका गुणाची गोष्ट

वाकडकडून मुळेचा पूल ओलांडला की बालेवाडीची क्रीडानगरी लागते. ४ सप्टेंबर २०२२ च्या रविवारी तिथे ‘अल्टिमेट खो-खो’ या व्यावसायिक लीगचा पहिलावहिला अंतिम सामना रंगला. ओडिशा जगरनॉट्स विरुद्ध तेलुगू योद्धाज. संघांची नावे परप्रांतीय. पण मॅटवर धावणारी पोरे बरीचशी आपल्याच मातीतली!

शेवटची काही सेकंदे उरली तेव्हा ओडिशा ४३, तेलुगू ४५. या लीगमध्ये साध्या स्पर्शाने गडी टिपला तर दोन गुण, सूर मारून टिपला तर तीन. म्हणजे नुसता हात लावला तर बरोबरी, अंग झोकून दिले तर विजेतेपद. सूरज लांडेने अंग झोकले. गडी बाद. ४६-४५!

एक कोटीचे बक्षीस ओडिशाने नेले. हरलेल्या संघाचा कर्णधार होता पुण्याचा प्रतीक वायकर. घरच्या मैदानावर हातातोंडाशी आलेला चषक अवघ्या एका गुणाने निसटला.

पण १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत भारताने नेपाळला ५४-३६ असे हरवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, तेव्हा कर्णधार हाच प्रतीक होता. त्याच दिवशी प्रियांका इंगळेच्या मुलींनीही नेपाळलाच ७८-४० ने नमवले.

‘खो-खो खेळून पुढे काय?’ हा प्रश्न आपल्या घराघरांतून विचारला जातो. एका गुणाने हरलेल्या कर्णधाराची ही गोष्ट उत्तरादाखल मुलांना जरूर सांगावी.