वॉट्सचे मनोरे

जुने घर पाडले म्हणजे मागे काय उरते? विटांचे तुकडे, गंजलेल्या सळ्या, फुटक्या फरशा, मोडकी दारे आणि धूळ. हा सारा ढिगारा गाडीत भरून गावाबाहेर नेऊन टाकतात. परंतु अशाच टाकाऊ वस्तूंनी एका गरीब वस्तीचे नाव दूरदेशी पोहोचवले. ती वस्ती म्हणजे अमेरिकेतील लॉस एंजेलिस या महानगराच्या दक्षिण भागातील वॉट्स.

वॉट्समध्ये कष्टकरी लोकांची लहान लहान घरे होती. तेथे १९२१ साली साबातो रोदिया नावाच्या माणसाने लोहमार्गाजवळची एक त्रिकोणी जागा विकत घेतली. रोदियाचा जन्म इटलीतला. लहान वयातच तो अमेरिकेत आला होता. इमारतींच्या कामावर मजुरी करून तो पोट भरी. दिवसभराचे काम आटोपले, की तो आपल्या अंगणात दुसऱ्या कामाला लागे.

हे काम मोठे विलक्षण होते. रोदिया लोखंडी सळ्या गोळा करी. त्या वाकवण्यासाठी त्याच्यापाशी यंत्र नव्हते. म्हणून सळीचे टोक तो रुळाखाली अडकवी आणि अंगच्या बळाने ती वाकवी. सळ्या एकमेकींना तारेने घट्ट बांधून त्यांवर तो जाळी गुंडाळी आणि तिच्यावर सिमेंटचा थर देई. सिमेंट ओले असतानाच फुटक्या बशा, रंगीत फरशांचे तुकडे, हिरव्या बाटल्यांच्या काचा आणि शिंपले तो त्यात बसवी. वस्तीतली मुलेही त्याला असे तुकडे आणून देत. त्याने कधी पराती बांधल्या नाहीत. मनोऱ्याची जी कडी बांधून झालेली असत, त्यांवरच पाय ठेवून तो आणखी वर चढे.

असे त्याने तेहतीस वर्षे एकट्याने काम केले. एकूण सतरा लहानमोठ्या रचना उभ्या राहिल्या. त्यांतील सर्वांत उंच मनोरा सुमारे ३० मीटरचा आहे. या साऱ्या रचनेला रोदियाने स्पॅनिश भाषेत नाव दिले, ‘नुएस्त्रो पुएब्लो’, म्हणजे ‘आपले गाव’. १९५५ मध्ये आपली जागा शेजाऱ्याला देऊन तो वॉट्स सोडून गेला.

रोदिया गेला आणि मनोऱ्यांवर संकट आले. हे बांधकाम धोक्याचे आहे, ते कोसळून लोकांना इजा होईल, असे ठरवून नगराच्या अधिकाऱ्यांनी ते पाडण्याचा हुकूम काढला. तेव्हा काही कलाप्रेमी नागरिक एकत्र आले. मनोरे पाडण्यापूर्वी त्यांची परीक्षा तरी घ्या, असा त्यांनी आग्रह धरला. बड गोल्डस्टोन या अभियंत्याने परीक्षेची योजना आखली. १० ऑक्टोबर १९५९ रोजी एका उंच मनोऱ्याला दोर बांधून यंत्राने ओढण्यास आरंभ झाला. ताण वाढत वाढत सुमारे साडेचार हजार किलोग्रॅमपर्यंत गेला. लोक श्वास रोखून पाहत होते. पण मनोरा उभाच राहिला; उलट ओढणारी यंत्रसामग्रीच निकामी झाली! हुकूम मागे पडला आणि मनोरे वाचले.

१९६५ च्या जुलैमध्ये रोदिया मरण पावला. पुढच्याच महिन्यात वॉट्स पेटले. तेथील कृष्णवर्णीय नागरिकांना कामधंदा मिळणे कठीण झाले होते. चांगली घरे त्यांना मिळत नसत आणि पोलिसांची वागणूकही जाचक होती. वर्षानुवर्षे साठलेला संताप एका तरुणाच्या अटकेने उफाळून आला. सहा दिवस जाळपोळ चालली. चौतीस माणसे प्राणांस मुकली. मनोरे मात्र त्या आगीतून सुरक्षित राहिले.

मनोऱ्यांच्या शेजारी मुलांना कला शिकवणारे एक केंद्र होते. नोआ पुरिफॉय हा कलावंत ते चालवीत असे. आग विझल्यावर तो आणि त्याचा सहकारी जडसन पॉवेल रस्त्यांवर फिरू लागले. जळालेली लाकडे, वाकलेले पत्रे, उष्णतेने वितळून गोठलेल्या दुकानांच्या दिव्यांच्या पाट्या असे सुमारे तीन टन अवशेष त्यांनी गोळा केले. इतर काही कलावंतांना सोबत घेऊन त्या अवशेषांतून त्यांनी सहासष्ट कलाकृती घडवल्या. १९६६ मध्ये वॉट्समधल्याच एका शाळेत त्या मांडण्यात आल्या आणि पुढे अन्य नगरांतही गेल्या. निरनिराळ्या वस्तू जोडून घडवलेल्या अशा कलेला ‘असेंब्लाज’ म्हणतात. तिला आपण जोडकला म्हणू.

जोडकलेत वस्तूचे मूळ रूप पुसले जात नाही. चित्रकार रंग वापरतो, तेव्हा तो रंग कोठून आला हे कोणी विचारीत नाही. परंतु जळक्या चौकटीकडे पाहिले, की ती कोणाच्या घराची असेल, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उभा राहतो. रोदियाच्या मनोऱ्यातली फुटकी बशीही अशीच एखाद्या स्वयंपाकघराची आठवण सांगते. ज्यांची घरे कोणी पाहायला जात नाही, त्यांचे जीवन या तुकड्यांतून जगापुढे येते.

१९९० मध्ये वॉट्सच्या मनोऱ्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा मान मिळाला. जे एकेकाळी पाडायचे ठरले होते, त्याचेच आता जतन केले जाते. वस्तू असो वा वस्ती, तिला मोडीत काढण्यापूर्वी तिची नीट पारख केली पाहिजे, हेच ते मनोरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आहेत.